क्रूझसाठी प्रस्थानाचं बंदर कसं निवडावं

क्रूझ ठरवताना बहुतेक लोक आधी जहाज बघतात, मग केबिन, मग तारखा. जहाज सुटणार कुठून, याकडे लक्ष जातं ते विमानाची तिकिटं शोधायला बसल्यावर. तोवर पैसे भरून झालेले असतात आणि मग कळतं की ‘रोमहून’ सुटणारं जहाज रोमला येतच नाही. बंदर आधी ठरवलं की तारखा, तिकिटं, व्हिसा यांतलं बरंचसं आपोआप मार्गी लागतं. ते ठरवायचं कसं, ते एकेक पायरीने बघू.

१. आधी मार्ग बघा, कारण जहाज हळू चालतं

विमानाची सवय झाल्यामुळे जहाजाचा वेग आपल्या डोक्यात येत नाही. मोठं क्रूझ जहाज साधारण २० नॉटने, म्हणजे ताशी ३७ किलोमीटरच्या आसपास चालतं. संध्याकाळी पाचला सुटून सकाळी सातला पुढच्या बंदराला लागायचं, तर त्या १४ तासांत जेमतेम पाचशे किलोमीटर होतात. कंपनी कितीही मोठी असो, सात रात्रींत काय काय बघून होणार हे जहाज कुठून निघतं यावरच ठरतं.

मायामीहून संध्याकाळी निघालेलं जहाज सकाळी बहामाजमधल्या नासाऊला लागू शकतं. न्यूयॉर्कहून निघालेल्या जहाजाला बर्म्युडा गाठायलाच सुमारे ६७० नाविक मैल (साधारण १,२४० किलोमीटर), म्हणजे जवळपास दीड दिवस लागतो. कॅरिबियनची बेटं त्याच्याही पुढे. शिवाय हिवाळ्यात हे सुरुवातीचे दिवस गारठ्याचे असतात, त्यामुळे जाहिरातीत झळकणारा डेकवरचा तलाव तेव्हा कुणी वापरत नाही. उलट पोर्तो रिकोमधल्या सान हुआनहून निघालं तर दक्षिण कॅरिबियनची बेटं इतकी लगत आहेत की जवळपास रोज नव्या जागी उतरता येतं. ज्यांना समुद्रात निवांत लोळत पडायचं आहे त्यांना न्यूयॉर्क चालेल, ज्यांना रोज जमिनीला पाय लावायचे आहेत त्यांनी दक्षिणेतून निघावं. माहितीपत्रकात मात्र दोन्ही सफरी ‘कॅरिबियन’ याच मथळ्याखाली असतात.

अलास्काच्या बाबतीत तर बंदर बदललं की सफरच बदलते. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणारी बहुतेक जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या पॅसिफिकमधून वर जातात. व्हँकुव्हर शहरातून सुटणारी जहाजं बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या ‘इनसाइड पॅसेज’ने जातात, तिथे पाणी शांत आणि दोन्ही बाजूंना डोंगर. बोट लागण्याचा त्रास असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. तिसरा पर्याय एकमार्गी सफरीचा: व्हँकुव्हरला चढायचं आणि उत्तरेला सुअर्ड किंवा व्हिटियरला उतरायचं, म्हणजे तिथून पुढे डेनाली राष्ट्रीय उद्यानाकडे जमिनीवरून जाता येतं.

मग सिॲटलला चढून सुअर्डला का उतरता येत नाही? त्यामागे अमेरिकेचा १८८६ सालचा कायदा आहे. परदेशी झेंड्याखालच्या, म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेल्या जहाजांना एका अमेरिकी बंदरात चढलेले प्रवासी दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन उतरवण्याची त्यात जवळजवळ मनाईच आहे, आणि क्रूझ जहाजं बहुतेक परदेशी झेंड्याचीच असतात. सिॲटलला परत येणाऱ्या जहाजांनाही वाटेत एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. ते सहसा कॅनडातलं व्हिक्टोरिया असतं आणि पुष्कळदा तिथे संध्याकाळचे काही तासच मिळतात. त्याला सहलीचा थांबा म्हणून फार भाव देऊ नका.

२. शहराचं नाव नको, धक्क्याचं नाव शोधा

माहितीपत्रकात मोठं शहर छापलेलं असतं आणि जहाज उभं असतं भलतीकडेच. रोमचं बंदर चिव्हिताव्हेक्किया रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. तिथे रेल्वेने उतरल्यावरही जहाजापर्यंत जायला बंदराची बस धरावी लागते. ‘लंडनहून’ म्हणजे बहुतेक वेळा साउदॅम्प्टन, सुमारे १३० किलोमीटर. क्वचित डोव्हर किंवा टिलबरी. पॅरिससाठी ल आव्हर, सुमारे २०० किलोमीटर. बर्लिनसाठी बाल्टिक किनाऱ्यावरचं वार्नेम्युंडे, तेही दोनशेच्या वर. व्हेनिसची गोष्ट आणखी वेगळी. ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना शहरासमोरच्या ज्युदेक्का कालव्यात बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ लिहिलेल्या सफरी काही वेळा जवळच्या मार्गेरा या औद्योगिक बंदराहून, तर काही वेळा थेट रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात, आणि ही दोन्ही गावं व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत.

याच्या उलट फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलचं पोर्ट एव्हरग्लेड्स विमानतळाला इतकं चिकटून आहे की टॅक्सीत सामान लावायला जास्त वेळ जावा. अथेन्सचं पिरेयस आता विमानतळाशी मेट्रोच्या एकाच मार्गाने जोडलेलं आहे. बार्सिलोना आणि सिंगापूर इथेही विमानतळ, शहर आणि धक्का यांतलं अंतर टॅक्सीने सहज उरकतं. सुट्टी आठवड्याचीच असेल तर माझं मत सरळ या जवळच्या बंदरांकडे झुकतं, मग ती शहरं कितीही ओळखीची वाटोत.

एकाच शहरात धक्केही अनेक असतात. न्यूयॉर्कच्या नावाने मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि नदीपल्याडच्या न्यू जर्सीतलं केप लिबर्टी अशी तीन टर्मिनल चालतात. साउदॅम्प्टनला पाच, सिंगापूरला दोन. कुठलं जहाज कुठे लागणार, याचं कारण कधी कधी अगदी साधं असतं: उंची. सिडनीच्या हार्बर ब्रिजखाली ४९ मीटर जागा आहे. त्याहून उंच जहाज पुलापलीकडच्या व्हाइट बेला जाऊच शकत नाही, ते सर्क्युलर कीला लागतं. फ्लोरिडातल्या टँपामध्ये सनशाइन स्कायवे पुलामुळे सगळ्यात मोठी जहाजं येतच नाहीत. योकोहामात बे ब्रिजखालून न जाणारी जहाजं आतल्या सुरेख धक्क्याऐवजी दाइकोकूच्या मालवाहू भागात उभी राहतात. अमुकच मोठ्या जहाजावर जायचं असा हट्ट असेल तर काही बंदरं यादीतून इथेच कटतात.

थोडक्यात, बुकिंगआधी टर्मिनलचं पूर्ण नाव विचारून घ्या आणि नकाशात तेच घालून विमानतळापासूनचा रस्ता बघा.

३. व्हिसाची चाळणी लवकर लावा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात. मी ती तिसरी ठेवली आहे, कारण चांगली दिसणारी बंदरं सगळ्यात झटकन गाळते ती हीच. एक कागद घ्या. जहाज ज्या ज्या देशात थांबणार ते सगळे लिहा, चढण्याचा आणि उतरण्याचा देश धरून. विमान बदलणार असाल तो देशही लिहा. प्रत्येकापुढे आपल्या पासपोर्टला व्हिसा लागतो का आणि लागला तर किती वेळा प्रवेश करता येईल असा लागतो, ते भरा.

खरी गफलत ‘किती वेळा’ इथे होते. पिरेयसहून निघालेलं जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला थांबून पुन्हा ग्रीसमध्ये येतं. तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) जाऊन परत आत आलात, म्हणजे एकाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा पुरणार नाही. तीच गोष्ट मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरची किंवा ट्युनिशियातल्या थांब्याची. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथल्या डुब्रॉव्हनिकमुळे आता ही अडचण येत नाही. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. सिॲटलच्या सफरीत व्हिक्टोरियामुळे कॅनडाचा प्रश्न येतो आणि अमेरिकेत परत प्रवेश करण्याचाही. ‘मी जहाजावरून उतरणारच नाही’ ही सबब कंपनीच्या काउंटरवर सहसा चालत नाही. कागद अपुरे असले तर चढू देत नाहीत, आणि भरलेले पैसेही बहुधा बुडतात.

४. विमानापासून जहाजाच्या शिडीपर्यंतचा वेळ मोजा

जहाज सुटण्याची वेळ ही तुमची वेळ नव्हे. चेक-इन साधारण तास ते दीड तास आधी बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी अधिकाऱ्यांकडे जायची असते. उशिरा आलेल्या विमानासाठी जहाज थांबत नाही. म्हणून लांबून येणाऱ्याने आदल्या दिवशी पोचावं, यावर तडजोड नको. खंड ओलांडून येत असाल तर दोन रात्री आधी बरं. झोपेचं वेळापत्रकही ताळ्यावर येतं.

मग बंदराची तुलना अशी करा: थेट विमान आहे का, दिवसाला किती विमानं आहेत, एक रद्द झालं तर पुढचं कधी. जिथे दिवसाला एकच विमान उतरतं ते बंदर स्वस्त दिसलं तरी जोखमीचं. काही बंदरांना दोन विमानतळांचा आधार असतो. मायामी आणि फोर्ट लॉडरडेल ही शहरं इतकी जवळ आहेत की कुठल्याही विमानतळावर उतरून कुठलंही जहाज गाठता येतं. फ्लोरिडातल्याच पोर्ट कॅनाव्हरलचा विमानतळ ऑर्लँडोला, सुमारे ७० किलोमीटरवर. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनसाठी ह्यूस्टनला उतरावं लागतं. तिथे जाण्यायेण्याच्या गाडीचा खर्च आणि वेळ दोन्ही हिशेबात धरा.

परतीचा दिवस लोक विसरतात. जहाज पहाटे लागतं, पण सामान, इमिग्रेशन आणि रांगा यांत सकाळ जाते. धक्का विमानतळाजवळ असेल तर दुपारचं विमान चालतं. चिव्हिताव्हेक्किया किंवा ल आव्हरसारखं लांबचं बंदर असेल तर संध्याकाळचंच घ्या.

५. त्या महिन्यात त्या बंदरात काय चालतं

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखातावरची बंदरं या काळात एखाद-दोन दिवस बंद पडू शकतात. गॅल्व्हस्टनला हिवाळ्यात धुकं दाटलं की जहाजवाहतूक थांबते. न्यू ऑर्लिन्सहून समुद्र गाठायला मिसिसिपी नदीतून दीडशे किलोमीटरहून अधिक जावं लागतं. नदी बघायची असेल तर मजा आहे, पण पहिले कित्येक तास त्यातच जातात. साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राकडे जायचं तर बिस्केचा उपसागर ओलांडावा लागतो आणि हिवाळ्यात तो चांगलाच खवळतो. पोट नाजूक असेल तर विमानाने बार्सिलोनाला जाऊन तिथून चढावं.

याची टोकाची आवृत्ती अंटार्क्टिका. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघालं तर दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला ड्रेक पॅसेज हा समुद्रपट्टा ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस आणि येताना तेवढेच. काही कंपन्या चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानाने अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर नेऊन तिथे जहाजात बसवतात. तिथे धोका हवामानामुळे विमान खोळंबण्याचा.

६. बघायचं शहर प्रस्थानाला ठेवायचं की थांब्याला?

पश्चिम भूमध्य समुद्रात एक सोय आहे. तिथे काही कंपन्या एकाच गोल मार्गावर बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिव्हिताव्हेक्किया अशा अनेक बंदरांत प्रवासी घेतात. सफर तीच, चढण्याचं दार तुम्ही निवडायचं.

चढण्याच्या दिवशी शहर बघून होत नाही. सकाळ सामानाची, दुपार रांगेची. थांब्याच्या दिवशी मात्र पूर्ण दिवस मिळतो, पण त्यातूनही धक्क्यापासून शहरापर्यंतचा रस्ता वजा करा. रोम थांबा म्हणून आलं तर जाऊन-येऊन दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर प्रवासात, उरलेल्या वेळात कोलोसियम आणि व्हॅटिकन यांतलं एकच नीट होतं. म्हणून माझा आग्रह असा: जे शहर मनापासून बघायचं आहे, तिथूनच चढा आणि आधी दोन-तीन रात्री तिथे काढा. जे बंदर पायी फिरून दिवसात संपतं, ते थांब्याला ठेवा. आणि शहर बघण्यात रसच नसेल, तर विमानतळाच्या सगळ्यात जवळचा धक्का धरा. त्यात कमीपणा काही नाही.

७. आता दोन बंदरं समोरासमोर ठेवा

इथवर यादीत दोन-तीनच नावं राहिली असतील. क्रूझचं भाडं बाजूला ठेवून प्रत्येकापुढे विमान, आधीच्या रात्रींचं हॉटेल, धक्क्यापर्यंतची गाडी, व्हिसा, आणि स्वतःची गाडी नेणार असाल तर आठवडाभराचं पार्किंग लिहा. एकमार्गी सफर असेल तर एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतण्याचं तिकीट बघा. दोन सुटी तिकिटं काढण्यापेक्षा एकाच बुकिंगमधलं सहसा सोयीचं पडतं. बरोबर वयस्क माणसं किंवा लहान मुलं असतील तर गाड्या किती वेळा बदलाव्या लागतात, तेही मांडा. दोन रेल्वे आणि एक बस असा रस्ता कागदावर स्वस्त असतो. चार बॅगांसह तसा नसतो.

८. बुकिंगनंतरही बंदर बदलू शकतं

२६ मार्च २०२४ रोजी बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला आणि बंदराचा रस्ताच बंद झाला. तिथून सुटणाऱ्या क्रूझ काही काळ व्हर्जिनियातल्या नॉरफॉकहून सोडल्या गेल्या. इतकं मोठं काही न घडताही टर्मिनल किंवा चढण्याची वेळ बदलू शकते, आणि असे बदल करण्याचा हक्क कंपन्यांनी करारात राखून ठेवलेला असतो. त्यामुळे हॉटेल पैसे परत मिळण्याच्या अटीवर घ्या, प्रवास विम्यात हुकलेल्या प्रस्थानाचं कलम आहे का ते वाचा, आणि निघण्याच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या ॲपवर टर्मिनलचं नाव पुन्हा एकदा तपासून टॅक्सीवाल्याला दाखवायला लिहून ठेवा.