एफवायला स्टॅट्स घेतलंय? आधी हे ठरवा
कवयित्री बहिणाबाई चौधरी विद्यापीठाच्या कॉलेजांमधे, म्हणजे आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला (एफवायला) स्टॅट्स म्हणजे संख्याशास्त्र घेतलेले ज्युनियर पहिलं हेच विचारतात, "भो, इम्पॉर्टंट चॅप्टर कोणते?" मी म्हणतो चॅप्टर राहू द्या, वर्ष संपेल तेव्हा आपल्याला काय काय करता आलं पाहिजे ते वहीत लिहा.

सगळ्यात आधी, कोणी सरासरी सांगितली की पसारा किती हे विचारायची सवय. समजा रावेरकडे दोन केळीबागा आहेत, दोन्हीत घडाचं सरासरी वजन २० किलो, पण एकीत सगळे घड १८ ते २२ मधले आणि दुसरीत १० पासून ३० पर्यंत, तर व्यापारी दोन्हीला एकच भाव देईल का? इथे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा मोजणारा आकडा, डोक्यात बसतं, फॉर्म्युला नंतर होतो पाठ.

दुसरं, गुणाकार कधी करायचा नाही ते कळणं. भुसावळला येणाऱ्या दोन गाड्यांची लेट व्हायची प्रॉबॅबिलिटी ०.२ आणि ०.२, म्हणून दोन्ही लेट ०.०४, असं पटकन लिहून मोकळे होऊ नका. थंडीत उत्तरेत धुकं पडलं की तिकडून येणाऱ्या गाड्या सोबतच रखडतात, मग त्या इंडिपेंडंट, म्हणजे एकमेकींशी संबंध नसलेल्या, कुठे राहिल्या?

कंडिशनल प्रॉबॅबिलिटीला, म्हणजे एक गोष्ट घडलीय हे माहीत असताना दुसरीची शक्यता किती याला, मात्र भरपूर वेळ द्या, खरंच द्या, पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. हजार लोकांत १० आजारी आहेत, टेस्ट त्यातले ९ पकडते, आणि ९९० निरोगी लोकांतल्या १० टक्क्यांना, म्हणजे ९९ जणांना, चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकूण पॉझिटिव्ह १०८, खरे आजारी ९, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी आजार असायची शक्यता साधारण ८ टक्केच. हे घरी आईला आकडे मांडून समजावता आलं की बेज थिअरम आलं समजा.

बायनॉमियल, पॉयसन, नॉर्मल या डिस्ट्रिब्युशनपैकी (कोणती किंमत किती वेळा येईल याचे साचे) कुठे काय लावायचं ते गणितं सोडवून जमतं, त्याची भीती नको.

आणि आर (R) हे स्टॅट्सचं सॉफ्टवेअर शिका, फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. सॅम्पल चौपट केलं की सरासरीचा स्टँडर्ड एरर (सॅम्पल बदललं की सरासरी साधारण किती हलते ते) अर्धा होतो हे पुस्तकात वाचून सोडू नका, शंभरचे हजार सॅम्पल काढा, मग चारशेचे काढा, दोन्हीकडच्या सरासरींचे हिस्टोग्राम शेजारी शेजारी ठेवा, आणि काही अडलं तर प्रिंट घेऊन सरळ मॅडमकडे जा.