एरियातल्या फौजी घरांचा ग्रुप कसा चालवायचा, मुंबईपुरतं सांगते

मंडळी, "आमच्याकडे पण माजी सैनिकांचा असा ग्रुप सुरू करायचाय, काय काय करावं लागतं" असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी फौजीची मुलगी, राहते भांडुपला, आणि आमचा ग्रुप भांडुप ते मुलुंड एवढाच. पुण्यात किंवा गावी थोडं वेगळं असेल.

पहिली अडचण म्हणजे माणसं सापडणं. गावाकडे हा प्रश्नच नसतो, साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव असेल तर घराघरात फौजी, विचारायची पण गरज नाही. मुंबईत तोच माणूस पेन्शन आल्यावर बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा असतो नाहीतर एखाद्या टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर असतो आणि समोरच्या फ्लॅटवाल्याला पत्ता नसतो. त्यामुळे सुरुवात तिथूनच करा, तुमच्या एरियातल्या बँका, एटीएम, मोठ्या सोसायट्यांचे गेट, तिथल्या गार्डना सरळ विचारा "काका, फौजेत होतात का, कुठली पलटण?" एक जण सापडला की तो पुढच्या चौघांची नावं सांगतो. दुसरी जागा फौजी कँटीनची लाइन, जिथे माजी सैनिकांना सवलतीत सामान मिळतं. (या कँटीनना सामान पुरवणाऱ्या सीएसडीचं हेड ऑफिस आपल्याच मुंबईत महर्षी कर्वे रोडला आहे बरं का, पण तिथे जाऊन साबणाची वडीसुद्धा मिळणार नाही, सामान युनिटच्या कँटीनमध्येच.) तिसरी जागा ईसीएचएस (माजी सैनिकांची सरकारी आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक, तिथे लोक तासन्‌तास बसलेले असतात आणि बोलायला तयार असतात.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पण जाऊन या. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे वेगळे, आणि मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणे जिल्हा, तेव्हा आधी आपण कोणाच्या हद्दीत ते बघा नाहीतर एक खेप फुकट जाते. तिथे यादी मागू नका, ती देणार नाहीत आणि देऊ पण नये, पण आपला ग्रुप कुठे कधी भेटतो याचा कागद आणि एक नंबर देऊन ठेवा, कोणी विचारायला आलं की तुमच्याकडे पाठवतील. आणखी एक गोष्ट, मुंबईत राहणाऱ्या कितीतरी काकांची नोंदणी अजून सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशी गावच्या जिल्ह्यातच असते. बदलायलाच पाहिजे असं नाही पण मुलांच्या स्कॉलरशिपची पडताळणी कुठून होणार ते त्यावर ठरतं म्हणून ग्रुपमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हे विचारून लिहून ठेवा.

आता नंबर घेताना. हे मी सगळ्यांना सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत: एका घरातून दोन नंबर घ्या, काकांचा आणि काकूंचा. फक्त काकांचा घेतलात तर तुमचा ग्रुप म्हणजे पलटणीच्या गप्पा, ते छान असतं, पण ज्या दिवशी काका जातात त्या दिवशी ते घर ग्रुपमधून गायब होतं, आणि खरी गरज त्यानंतरच असते. माझ्या मते अशा ग्रुपचा मुख्य उपयोग हाच की काका असताना काकूंना सगळे कागद कळावेत. बाकी कार्यक्रम, सत्कार, सहली नंतर.

भेटायची वेळ. रविवारी सकाळी ठेवू नका, मेगाब्लॉक असतो, ब्लॉक साधारण दुपारी साडेतीन-चारपर्यंत चालतो, मग घाटकोपरहून यायला दोन गाड्या बदलत बसतात. संध्याकाळी पाच बरे. तेव्हा नाइट ड्यूटीवाले उठलेले असतात आणि ड्यूटीला निघायला वेळ असतो. जागा तळमजल्याची बघा, गुडघे सगळ्यांचेच गेलेत. सोसायटीचं ऑफिस, गणपती मंडळाचा हॉल, देवळाचं सभागृह, काहीही चालतं, फक्त कुठल्या पक्षाच्या शाखेत किंवा नगरसेवकाच्या ऑफिसात घेऊ नका, एकदा तसा शिक्का बसला की अर्धे लोक येत नाहीत आणि ते कारण पण सांगत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर दोन ग्रुप करा. एकावर फक्त अॅडमिन लिहिणार, तिथे तारखा आणि कामाच्या बातम्या, बस. दुसरा सगळ्यांसाठी, तिथे गुड मॉर्निंग, जय हिंद, तिरंग्याचे फोटो काय टाकायचं ते टाका. एकच ग्रुप ठेवलात तर शेवटच्या तारखेचा मेसेज फुलांच्या खाली गाडला जातो. आणि कामाच्या ग्रुपवर काय टाकायचं नाही तेही ठरवा. "वन रँक वन पेन्शनचा एरियर (थकबाकी) उद्या जमा होणार" असे यूट्यूबचे व्हिडिओ दर आठवड्याला फिरतात आणि काका मंडळी रात्रभर हिशोब करत बसतात. ओआरओपी (हीच वन रँक वन पेन्शन, सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी तर पेन्शनही सारखी) १ जुलै २०१४ पासून लागू आणि दर ५ वर्षांनी फेरबदल, म्हणजे २०१९, २०२४ आणि पुढचा २०२९, एवढं एकदा पिन करून ठेवलं की निम्म्या अफवा तिथेच संपतात.

आता मुख्य काम, नावं जुळवणे. पहिल्या दोन-तीन मीटिंग यातच घाला. प्रत्येकाला सांगा की डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीची ऑर्डर), दोघांचं आधार, पॅन आणि बँक पासबुक यांच्या झेरॉक्स आणा, ओरिजिनल आणू नका. मग शेजारी शेजारी ठेवून काकूंचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकच आहे का ते बघा. नसतेच! आपल्याकडे लग्नात नाव बदलायची पद्धत, माहेरची हौसा सासरी येऊन सुनंदा होते, काकांनी पलटणीत लग्नाची नोंद करताना एक नाव दिलेलं असतं, आधारवाल्याने दुसरं टाकलेलं असतं, रेशनकार्डवर तिसरं. जन्मतारखेचं तर विचारूच नका, शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली, फौजेच्या रेकॉर्डला वेगळीच. काका असेपर्यंत याने काही अडत नाही, पेन्शन त्यांच्या नावावर येते. अडतं ते फॅमिली पेन्शनच्या वेळी, कारण रेकॉर्डमधली बायको आणि समोर आलेली बाई एकच हे तिला स्वतःला सिद्ध करावं लागतं, तेही दिवस-कार्य आटोपत नाही तोवर.

दुरुस्ती काका हयात असताना करून घेणं सगळ्यात सोपं. काकांच्या सहीचा अर्ज, अॅफिडेव्हिट, आधार, पीपीओ आणि डिस्चार्ज बुकच्या प्रती, हे सगळं त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसला (पलटणीतल्यांच्या नोंदी ठेवणारं ऑफिस) जातं, तिथे पार्ट टू ऑर्डर (बदलाची अधिकृत नोंद) निघते आणि मग पेन्शनच्या कागदात बदल होतो. काही वेळा राजपत्रातला नावबदल पण मागतात, तो आता ऑनलाइन होतो. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसची कागदांची यादी थोडी वेगळी असते म्हणून आधी विचारून घ्या. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांचं बेळगावला, तोफखान्यावाल्यांचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. नेव्हीवाल्यांची मात्र चैन आहे, नौसैनिकांचं पेन्शन ऑफिस मानखुर्दला, हार्बर लाइन पकडली की पोचले. आपल्या ग्रुपमध्ये कोणाचं रेकॉर्ड कुठे याचा एक तक्ता करा, म्हणजे बेळगावला एक जण निघाला की बाकीच्यांचीही चौकशी करून येतो.

स्पर्शचं आणि हयातीच्या दाखल्याचं थोडक्यात सांगते. आता पेन्शन प्रयागराजच्या (म्हणजे जुन्या अलाहाबादच्या) संरक्षण खात्याच्या पेन्शन ऑफिसातून, स्पर्श या ऑनलाइन सिस्टिममधून येते, बँक फक्त खातं सांभाळते. त्यामुळे मोबाइलवर जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) करताना डिस्बर्सिंग एजन्सीच्या (पेन्शन देणारं ऑफिस) जागी बँकेचं नाव निवडायचं नाही, स्पर्श – पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद हे निवडायचं. जुन्या सवयीने लोक बँक टाकतात, दाखला निघतो, मेसेज पण येतो, आणि पेन्शन तरीही थांबते कारण तो दाखला भलतीकडेच गेलेला असतो. दाखला वर्षभर चालतो, बहुतेकांना नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, म्हणून नोव्हेंबरची मीटिंग फक्त यासाठी ठेवा आणि कॉलेजातली दोन-तीन पोरं बोलवा, चेहरा स्कॅन करून पाच मिनिटांत होतं. स्पर्शचा यूजर आयडी-पासवर्ड काकूंनाही माहीत असू द्या. आणि फोनवर कोणी ओटीपी मागितला, "पेन्शन बंद होईल" म्हणाला, तर फोन ठेवायचा, मग तो स्वतःला कर्नलसाहेब का म्हणवेना.

ईसीएचएसमध्ये लोकांचा गोंधळ एकाच ठिकाणी होतो. साध्या वेळी आधी पॉलिक्लिनिक, तिथून रेफरल, मग हॉस्पिटल. पण इमर्जन्सी असेल तर जवळच्या हॉस्पिटलला जा, रेफरलसाठी पेशंट घेऊन फिरू नका, फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं, पॅनेलवरचं (ईसीएचएसशी करार असलेलं) हॉस्पिटल नसेल तर हे घरच्यांनाच करावं लागतं. आपल्या पॉलिक्लिनिकचा नंबर फ्रिजवर चिकटवा. मुलाचं कार्ड २५ वर्षांपर्यंत, त्याआधी नोकरी लागली किंवा लग्न झालं तर तेव्हाच संपतं.

मुलांच्या शिक्षणाच्या बातम्यांना खूप मागणी असते. पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, प्रोफेशनल कोर्सला, मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५००, बारावीला (किंवा त्या कोर्सला लागणाऱ्या परीक्षेत) किमान ६० टक्के हवेत आणि अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा, दुसऱ्या वर्षी आठवण झाली तर उपयोग नाही. म्हणून बारावीचा निकाल लागला की लगेच ग्रुपवर टाका. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर होतो. हवालदार आणि त्याखालच्यांच्या मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत शिक्षण अनुदान पण आहे, दोन मुलांपर्यंत. नोव्हेंबर २०२५ पासून बोर्डाची ही अनुदानं दुप्पट केलीत, शिक्षणाचे महिना १,००० चे २,००० झाले. ज्यांना पेन्शनच नाही आणि वय ६५ च्या वर, त्यांना आणि तशा विधवांना महिना ४,००० होते ते ८,००० केले. असे लोक ग्रुपमध्ये स्वतःहून येत नाहीत, लाजतात, त्यांना शोधायला लागतं.

आता कार्यक्रम. वर्षाच्या तारखा ठरलेल्याच आहेत: २६ जुलै कारगिल, ४ डिसेंबर नेव्ही डे, ७ डिसेंबर ध्वजदिन, १६ डिसेंबर विजय दिवस. सगळ्या साजऱ्या करायच्या नाहीत, दमून जाल. एक तारीख मात्र सोडू नका, १४ जानेवारी. त्या दिवशी माजी सैनिक दिन, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला रिटायर झाले म्हणून, आणि बहुतेक वर्षी संक्रांतही तेव्हाच! मग तिळगूळ समारंभ ठेवा. हळदीकुंकू म्हणू नका. हळदीकुंकू म्हटलं की वीरनारी (शहीद जवानांच्या पत्नी) येतच नाहीत, आल्या तरी मागच्या खुर्चीत बसतात, आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम करतोय त्यांनाच बाजूला बसवण्यात काय अर्थ आहे? कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आपण मुंबईत राहून एवढं तरी करू शकतो. तिळगूळ सगळ्या बायकांनी सगळ्यांना द्यायचा, वाण द्यायचं तर कागदपत्रं ठेवायची प्लास्टिकची फाइल द्या, स्टीलच्या वाट्या घरात ढिगाने असतात.

शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुणे जमेल तितके टाळा. पाहुणे तासभर उशिरा येतात आणि त्यांच्या भाषणात ऐंशीच्या घरातले सुभेदार साहेब उन्हात बसून राहतात. त्यापेक्षा एखाद्या वर्षी सगळ्यांना घेऊन गेटवेला बीटिंग रिट्रीट बघायला जा, नेव्हीचा बँड ऐकून नातवंडं पण खूश होतात. किंवा १९७१ वाल्यांना शाळेत मुलांसमोर बोलायला न्या, ते आता थोडेच राहिलेत.

पैशाचं साधं ठेवा. चहा-बिस्किटाला प्रत्येकी दहा-वीस रुपये तिथल्या तिथे गोळा करायचे, हिशोब त्याच संध्याकाळी ग्रुपवर. ट्रस्ट, रजिस्ट्रेशन, लेटरहेड याच्या मागे लगेच लागू नका, अध्यक्ष कोण यावरून भांडणं तिथेच सुरू होतात. ध्वजदिनाला निधी द्यायचा असेल तर तो थेट सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती घ्या, ग्रुपच्या नावाने डबा फिरवू नका. आणि "तुमची पेन्शन वाढवून देतो, एरियरमधले दहा टक्के द्या" म्हणणारे एजंट मीटिंगमध्ये घुसतात, कधीकधी ते स्वतः माजी सैनिकच असतात, त्यांना चहा पाजा आणि माइक देऊ नका.

झेरॉक्सचा गठ्ठा ग्रुपमधल्या कोणाच्याही घरी ठेवायचा नाही, मीटिंग संपली की ज्याचे त्याने घेऊन जायचे. तुमच्याकडे फक्त एक वही, त्यात नाव, पलटण, रेकॉर्ड ऑफिस, काकूंचं नाव जुळलं का, अर्ज कधी पाठवला, उत्तर आलं का. पीपीओ नंबर, खातं नंबर, आधार यातलं काहीही त्या वहीत लिहायचं नाही.