बास-ब्लूगिल मासे पकडायच्या मोसमाची तयारी: आधी पक्कड, मग बाकी सगळं

लांब तोंडाची पक्कड आधी बॅगेत टाका, मग पुढचं वाचा. इथल्या दुकानात तिला नीडल-नोज प्लायर म्हणतात. स्वस्तातली चालते, फक्त लगेच गंजणारी नको. जोडीला एक हेमोस्टॅट घ्या, म्हणजे डॉक्टरांकडे असतो तसला बारीक, सरळ टोकाचा चिमटा. तो का, ते पुढे सांगते.

ही तयारी अमेरिकेतल्या न्यू जर्सीतल्या गोड्या पाण्याची आहे, एप्रिल ते जूनची. मर्सर लेक, फॅरिंग्टन, प्रिन्स्टनचं कार्नेगी लेक, डेलावेअर-रॅरिटन कालवा, वरच्या बाजूला गेलात तर स्प्रूस रन आणि हपॅटकाँग. मासे म्हणजे बास आणि पॅनफिश, म्हणजे तव्यात मावतील असे लहान मासे: ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च. गेल्या वसंतात माझी पक्कड घरी राहिली होती. एका ब्लूगिलने गळ घशापर्यंत गिळला आणि मी बोटांनी सोडवायला बघत असताना तो हातातच मेला. म्हणून ही यादी लिहिते आहे आणि म्हणूनच पक्कड पुन्हा पुन्हा येणार आहे.

मासेमारीचं लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं. गेल्या ऑगस्टमध्ये काढलेलं ३१ डिसेंबरला संपलं, नवीन काढा. १६ वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, आणि ७० किंवा त्याहून जास्त वयाच्या इथल्या रहिवाशांनाही नाही. यातला 'रहिवासी' हा भाग नीट वाचा. चार महिन्यांसाठी पुण्याहून आलेले तुमचे बाबा पंचाहत्तरीचे असले तरी न्यू जर्सीचे रहिवासी नाहीत. त्यांनी रॉड हातात घेतला की बाहेरच्या माणसाचं लायसन्स लागतं. थोड्या दिवसांचंही मिळतं, ते काढून टाका. काठावर वॉर्डनसमोर, म्हणजे लायसन्स तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, बाबांना अवघडून उभं राहायला लागू नये. ट्राउट माशाचा स्टॅम्प, म्हणजे त्याच्यासाठीचा जादा परवाना, वेगळा असतो, ट्राउटच्या मागे जाणार नसाल तर त्याचा विचार सोडा.

आता नियम. १५ एप्रिल ते १५ जून या काळात लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ असे दोन्ही बास पकडले तर लगेच सोडायचे. एकही घरी न्यायचा नाही. हद्दीवरच्या पाण्याचे, म्हणजे डेलावेअर नदीसारख्यांचे, नियम वेगळे असतात. राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची नियमपुस्तिका साइटवर फुकट असते, जाण्याआधी त्या त्या तळ्याचं पान बघा.

हा नियम का आहे, हे समजून घेतलं की अर्धी तयारी झाली. वसंतात नर बास उथळ पाण्यात शेपटीने तळ झाडून गोल खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते आणि नर राखणीला थांबतो, आधी अंड्यांच्या, मग पिल्लांच्या. तेव्हा तो आमिषावर तोंड टाकतो ते बहुतेकदा भुकेने नाही, समोर आलेल्याला हुसकवायला. त्याला बाहेर काढून तुम्ही गळाशी झटापट करत बसलात, की तेवढ्यात आसपासचे ब्लूगिल घरट्यात शिरून अंडी खातात. मासा सोडला तरी पिढी गेली. गळ काही सेकंदांत निघाला पाहिजे, आणि काही सेकंदांत तो पक्कडीनेच निघतो. माझं मत विचाराल तर घरट्यावर बसलेला बास डोळ्यांना दिसत असताना त्याच्यावर गळ टाकूच नका. कायद्याने चालत असलं तरी नको.

कधी जायचं? पाण्याचा थर्मामीटर घ्या, दोरीला बांधून सोडायचा साधा मिळतो. हवेचं तापमान बघून निघू नका. एप्रिलमध्ये बाहेर टी-शर्टचं ऊन असतं आणि पाणी अजून गारठलेलं. साधारण ५० फॅरनहाइट, म्हणजे १० सेल्सिअस ओलांडलं की बास उथळ पाण्याकडे सरकायला लागतो. ६० ते ६५ ला त्याची घरटी दिसायला लागतात, क्रॅपीही त्याच सुमाराला बुडालेल्या फांद्या-झुडपांपाशी येतो. ब्लूगिल उशिरा, ७० च्या आसपास, आणि त्यांची घरटी एकमेकांना लागून वस्तीने असतात. एक सापडलं की तिथे बरीच असतात.

पहाटे उठायचा हट्ट सोडा. आपल्याकडे मासेमारी म्हणजे पहाट हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते इथल्या जून-जुलैला ठीक आहे. एप्रिलमध्ये रात्रभर पाणी थंड झालेलं असतं. दुपारी दोन-तीननंतर, ऊन पिऊन पाणी दोन अंशांनी जरी वर आलं तरी तेच तळं वेगळं वागतं. तळ्याचा उत्तरेकडचा काठ धरा, दक्षिणेकडून येणारं ऊन त्याच्यावर जास्त पडतं आणि उत्तरेचा गार वाराही तिथे अडतो. काळ्या चिखलाचे उथळ कोपरे सगळ्यात आधी तापतात. सलग दोन-तीन उन्हाचे दिवस झाल्यावर जा. गार पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

रॉड, रील: बाससाठी साडेसहा फुटी मीडियम, म्हणजे मध्यम ताकदीचा, स्पिनिंग रॉड, पॅनफिशसाठी अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलका. एकच घ्यायचा असेल तर हलका घ्या. लाईन बदला. गॅरेजमध्ये हिवाळाभर रीलवर बसलेली मोनोफिलामेंट, म्हणजे एकपदरी नायलॉनची लाईन, वेटोळी धरते आणि गाठीपाशी तुटते. तुटली की मासा गळ आणि लाईन दोन्ही घेऊन जातो. बासला ८ ते १० पौंडांचा ताण सोसणारी, पॅनफिशला ४ पौंडांची पुरे. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी लाईन घासून गरम होते आणि कमजोर होते. रीलचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना किती जोराला लाईन सुटते ते ठरवणारा ब्रेक, घरीच लाईन हाताने ओढून बघा.

गळांकडे नीट लक्ष द्या. आकडा वाढतो तसा गळ लहान होत जातो, यात नवे लोक हमखास चुकतात. ब्लूगिलचं तोंड अगदी एवढंसं, त्याला ८ किंवा १० नंबरचा लांब दांड्याचा गळ लावा. लांब दांडा अशासाठी की गिळला तरी दांड्याचं टोक ओठाबाहेर राहतं आणि पक्कडीला धरायला काहीतरी मिळतं. निघण्याआधी प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. घरीच करा, काठावर कोणी करत नाही. काटा दाबला म्हणून मासे निसटतात ही भीती मनातून काढा, लाईन ताणलेली ठेवली तर निसटत नाहीत. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट दुप्पट महत्त्वाची, कारण कधी ना कधी गळ कोणाच्या तरी बोटात जातो. दाबलेल्या काट्याचा गळ आल्या वाटेने निघतो. न दाबलेला इमर्जन्सी रूममध्ये निघतो.

आमिष: गांडुळं, लहान तुकडे करून. क्रॅपीला छोटी जिग, म्हणजे वजनाचं डोकं असलेला गळ. बासला प्लास्टिकचा मऊ किडा किंवा स्पिनरबेट, म्हणजे फिरत्या पात्याचं नकली आमिष. यावर लोक तासन्‌तास बोलतात, मला त्यात फारसं शिरायचं नाही. बॉबर, म्हणजे लाईनला लावायचा तरंगता गोळा, लहान घ्या. मोठा बॉबर बुडायला वेळ लागतो, तोवर ब्लूगिल गळ गिळून मोकळा. बॉबर हलला की लगेच उचला, फोन बघत बसू नका.

मासा वर आल्यावर काय करायचं, ते घरी एकदा डोळ्यांसमोर आणा. हात पाण्यात बुडवून ओले करा. कोरड्या हाताने किंवा टॉवेलने धरलं तर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तोच त्याला रोगांपासून वाचवतो. बासला खालच्या ओठाला अंगठ्याने धरा, मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली द्या. ब्लूगिलच्या पाठीवर काटे असतात. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत काटे दाबून धरा, उलटा नाही. मग पक्कड. गळाच्या वळणाला धरायचं, आत ढकलून फिरवायचं आणि काढायचं. ब्लूगिलच्या तोंडात पक्कड शिरतच नाही, तिथे हेमोस्टॅट लागतो, म्हणून दोन्ही. गळ घशाखाली गेला असेल तर ओढू नका. लाईन तोंडाजवळ कापा आणि मासा सोडा. ओढून आतडी फाडण्यापेक्षा गळ आत राहिलेला मासा जगायची शक्यता जास्त असते. म्हणून छोटी कात्रीही हवी. आणि फॅरिंग्टनसारख्या ठिकाणी मध्येच चेन पिकरेल नावाचा शिकारी मासा लागतो. त्याच्या तोंडात सुईसारखे दात असतात, तिथे बोट घालायचा विचारही नको. पक्कड. बॅगेच्या तळाशी नाही, दोरीने कमरेला किंवा जॅकेटला बांधलेली. बॅगेच्या तळाशी असलेली पक्कड घरी राहिलेल्या पक्कडीइतकीच उपयोगाची.

कपडे: फुल पँट, पायमोज्यात खोचलेली. मे-जूनमध्ये काठावरच्या गवतात बारीक टिक, म्हणजे गोचीड, असतात आणि त्यांच्या चावण्याने होणारा लाइमचा आजार न्यू जर्सीत खराखुरा आहे. घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत बघा. तीन-तीन पानांची वेल दिसली की हात लावू नका, पॉयझन आयव्ही असते. टोपी, पोलराइज्ड गॉगल, पाणी, खाणं हे तुम्ही घ्यालच. होडीतून किंवा कयाकमधून जाणार असाल तर लाइफ जॅकेट अंगावर, सीटखाली नाही. एप्रिलच्या थंड पाण्यात पडल्यावर चांगला पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही.

खायला न्यायचे असतील तर पॅनफिश न्या, हव्या तेवढ्याच, बर्फाचा कूलर घेऊन. मासे खाण्याबद्दलची राज्याची सूचना तळ्यानुसार असते, ती बघा. बास आणि पिकरेलमध्ये पारा जास्त साठतो, गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी मर्यादा कडक आहे. ब्लूगिल खवले काढून, हळद-तिखट-मीठ लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. काटे बारीक असतात, मुलांना सोलून द्या.

परत येताना लाईनचे तुकडे गोळा करून खिशात टाका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. उरलेली गांडुळं काठावर सोडू नका, ही बाहेरून आलेली जात आहे आणि इथल्या जंगलाची माती बिघडवते. डबा बंद करून कचऱ्यात टाका.