अमेरिकेत गाडी घेताय? आधी काचेवरचं लेबल वाचा
कोल्हापुरातलं पोरगं अमेरिकेत नोकरीला लागलं की पहिली खरेदी गाडीची. तिथं २०२५ ते २०२८ या करवर्षांत नव्या गाडीच्या कर्जाचं व्याज, वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत, करपात्र उत्पन्नातून वजा होतं. मात्र गाडीची अंतिम जुळणी अमेरिकेतच झालेली हवी. नावावर जाऊ नका राव: ओहायोत जुळलेली होंडा चालते, मेक्सिकोत जुळलेली फोर्ड नाही! गाडी कुठं जुळली हे काचेवरच्या लेबलवर छापलेलं असतं. गाडीचा व्हिन नंबर, म्हणजे तिचा ओळख क्रमांकही रिटर्नमध्ये भरावा लागतो. सेकंडहँड आणि लीज बाद. एकट्याचं उत्पन्न १,००,००० डॉलरपुढं गेलं की सवलत घटत जाते. वडिलांनी इथून पैसे पाठवून ते कर्ज म्हणून दाखवलं, तरी नातलगाला दिलेलं व्याज चालत नाही. कर्ज बँकेचंच काढा.