पेलेटच्या लॉट टेस्टिंगला जाताना

परदेशातले व्हिडिओ पाहून क्लबातली मुलं विचारतात, आपणही घरी शिसं ओतून गोळ्या का करू नयेत, काडतुसं स्वतः का भरू नयेत? अमेरिकेत तो रीतसर छंद आहे. आपल्याकडे शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच सोडायचा. पण आपल्या नळीला नेमका कोणता छर्रा (पेलेट), आणि त्याचा कोणता लॉट म्हणजे कारखान्यातली कोणती खेप मानवते, हे शोधण्याची हौस 10 मीटर एअर रायफलवर पुरेपूर भागते, आणि माझ्या मते प्रत्येक नेमबाजाने मोठ्या स्पर्धेआधी ती भागवून घ्यायलाच हवी.

नेमबाज सुमा शिरूर यांनी 2004 साली क्वालालंपूरला 400 पैकी 400 गुण केले, तेव्हा दहा म्हणजे दहाच होते. काठावरचे आणि मधोमधचे सारखेच. 2013 पासून एअर रायफलची पात्रता फेरी दशांशात मोजतात. छर्रा केंद्रापासून 2.5 मिलिमीटरच्या आत पडला की दहा, आणि तिथून आत प्रत्येक पाव मिलिमीटरला 0.1 वाढत 10.9 पर्यंत. आता फैरी 60. दर फैरीला सरासरी 0.1 जरी गेला तरी 6 गुण गेले, आणि फायनलची यादी त्याहून कमी फरकावर अडते. पाव मिलिमीटर म्हणजे एवढं.

म्हणून टेस्टिंगच्या आदल्या रात्रीच बॅग भरा. आधी कागद: रायफलचं बिल, क्लबचं ओळखपत्र, नेमबाजी संघटनेचं कार्ड. 20 ज्यूलच्या आतल्या 4.5 मिलिमीटर एअर रायफलला परवाना लागत नाही, हे स्टेशनवर बॅग तपासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असं नाही. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी, नेरूळ किंवा पनवेलच्या बाजूला जाणार असाल, तर रायफल कुलूपबंद केसमध्ये, नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण), आणि छर्रे वेगळ्या पिशवीत. कुणी विचारलं तर केस प्लॅटफॉर्मवर उघडू नका. बाजूला, त्यांच्या खोलीत उघडून दाखवा.

मग छर्रे. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या छर्ऱ्यातही डोक्याचं माप 4.49, 4.50, 4.51 असं वेगवेगळं येतं, आणि माप तेच असलं तरी लॉट बदलला की वागणं बदलतं. डब्याच्या मागचा लॉट नंबर वहीत उतरवून घ्या आणि प्रत्येक डब्यावर नुसतं अक्षर चिकटवा: क, ख, ग, घ. एका वेळी चारपेक्षा जास्त लॉट नकोत. कोणत्या अक्षराचा कोणता डबा हे फायर करणाऱ्याला कळता कामा नये. हे काम ताईला किंवा दादाला सांगा. महागड्या डब्यातल्या छर्ऱ्यांचं टार्गेट कार्ड सगळ्यांनाच जरा जास्त सुंदर दिसतं.

छर्रे घरी वजन करून निवडण्यावर लोक रात्री घालवतात. सोनाराकडचा मिलिग्रॅमचा काटा असेल तर करा, हरकत नाही. साधारण 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्यातला एखादा फारच वेगळा तुकडा त्याने सापडतो. पण फरक मुख्यतः लॉटमध्ये असतो. त्यापेक्षा प्रत्येक छर्ऱ्याचा घेर, म्हणजे मागची पोकळ कड, उजेडात पाहा; चेपलेला घेर नळीत हवा सोडतो आणि तो छर्रा भरकटतो.

जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकडची हवा सगळ्यात शिरते. छर्ऱ्यांवर पांढुरकी भुकटी दिसली तर तो डबा टेस्टिंगला नेऊ नका. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. टार्गेट कार्डंही प्लॅस्टिकच्या पिशवीत, कारण सादळलेलं कार्ड छर्ऱ्याने कापलं जात नाही, फाटतं, आणि फाटलेल्या भोकाचं माप खोटं येतं. रायफलचा हवेचा सिलिंडर क्लबच्या कोरड्या हवेच्या टाकीवरून भरून घ्या. पावसाळ्यात हातपंपाने भरलं तर आत पाणी जातं. सिलिंडरवरची तारीखही पाहा. दहा वर्षं उलटली असतील तर तो वापरायचा नाही. चार लॉट नीट तपासायचे तर अडीचशेच्या आसपास फैरी होतात, तेव्हा दुसरा भरलेला सिलिंडर जवळ असू द्या आणि दाबाचा काटा 100 बारच्या खाली जाऊ देऊ नका.

रायफल घट्ट धरून ठेवणारा क्लॅम्प क्लबात आहे का, हे आधी फोन करून विचारा. हे राहिलं तर बाकीची तयारी वाया जाते. खांद्यावर धरून केलेल्या चाचणीत श्वास, ट्रिगर, पोश्चर सगळं मिसळतं आणि छर्ऱ्याचं असं काही हाती लागत नाही. रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट बसवली की साइटची गरज नाही; ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, कार्डावर कुठे पडतो याला महत्त्व नाही, तो केवढा आहे एवढंच बघायचं. ॲलन चावी सोबत हवी, आणि स्क्रू सुरुवातीला जेवढे आवळले तेवढेच शेवटपर्यंत. क्लॅम्पमधली रायफलही रायफलच असते: नळी कायम टार्गेटकडे, आणि रेंज ऑफिसरने सांगितल्याशिवाय कुणीही लेनच्या पुढे पाऊल टाकायचं नाही.

नळी फेल्टच्या बोळ्यांनी साफ करा. प्रत्येक लॉटच्या सुरुवातीला दहा फैरी नुसत्या जाऊ द्या, म्हणजे आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसतो. मग कोऱ्या कार्डावर दहा. असं प्रत्येक लॉटचं तीनदा, आणि क्रम फिरवत: आधी क ते घ, मग उलटा, मग मधूनच. पाच फैरींचा ग्रुप मोजू नका; तो योगायोगानेही छान येतो. व्हर्नियरने भोकाच्या बाहेरच्या कडा मोजा आणि 4.5 वजा करा. कार्डावर अक्षर, वेळ, काटा किती बारवर होता, सगळं लगेच पेन्सिलने लिहा. शाईचं पेन दमट कार्डावर फुटतं.

निवडताना प्रत्येक लॉटचं सगळ्यात वाईट कार्ड समोर मांडा. ज्याच्या वाईट कार्डावरचा ग्रुप सगळ्यात लहान, तो लॉट घ्या. एक देखणा ग्रुप आणि दोन पसरलेले देणारा लॉट स्पर्धेत नेमका साठाव्या फैरीला दगा देतो.

मुलं सोबत असतील तर वडापाव रेंजच्या बाहेर, आणि साबणाने हात धुतल्यावरच. शिसं हातावरून पोटात जातं आणि लहान मुलांना त्याचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो. टेस्टिंगचे कपडे घरी वेगळे धुवायचे, छर्ऱ्यांचा डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायचा नाही, आणि पिशवीतली भुकटी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची.

निकाल लागला की त्याच दिवशी विक्रेत्याला लॉट नंबर कळवा. एका डब्यात 500 छर्रे. सराव धरून हंगामाला किती डबे लागतील याचा हिशेब वहीत आधीच करून ठेवा, कारण तोच लॉट महिन्याभराने मिळेलच असं नाही. रायफलची नळी बदलली किंवा भाऊ-बहिणीसाठी दुसरी रायफल आली, तर तिच्यासाठी हे सगळं पुन्हा नव्याने करायचं.