संयुक्त कोनांची सिद्धता अडते कुठे? या चुका टाळा

संयुक्त कोनांची, म्हणजे दोन कोनांच्या बेरीज-वजाबाकीची, सूत्रं तोंडपाठ असतात, तरी सिद्धता तिसऱ्या ओळीवर येऊन अडते. जुळे सोलापुरात अकरावीचा क्लास घेताना वह्यांमध्ये त्याच त्या चुका दिसतात. गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, सुट्टी झाली की तर जास्तच.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे साइन (अ + ब) = साइन अ + साइन ब. साइन हा काही कंसाबाहेरचा आकडा नाही, आत गुणायला. अ = ६०°, ब = ३०° ठेवा: डावीकडे १, उजवीकडे साधारण १.३६६. मात्र ताळा करताना ब = ०° घेऊ नका. तिथे हे चुकीचं सूत्रही बरोबर ठरतं.

कॉसचं चिन्ह उलटतं: कॉस (अ + ब) = कॉस अ कॉस ब − साइन अ साइन ब. टॅनमध्ये अंशात चिन्ह तेच, छेदात उलट. शंका आली तर पुन्हा ६०° आणि ३०° घ्या. कॉस ९० शून्य यायला हवं, आणि ते वजाबाकीनेच येतं.

आता गुण खाणारी चूक. पहिल्याच ओळीत डावी बाजू = उजवी बाजू लिहून दोन्हीकडे गुणाकार, वर्ग वगैरे सुरू. “सर, शेवटी दोन्हीकडं सारखंच आलं की!” येणारच. −१/२ = १/२ चा वर्ग केला तरी दोन्हीकडे १/४ येतं. जे सिद्ध करायचं तेच धरून चालायचं नाही. एक बाजू घ्या आणि तीच दुसरीपर्यंत न्या.

नेताना नजर उजव्या बाजूवर हवी. उदाहरणार्थ, साइन (अ + ब) · साइन (अ − ब) = साइन²अ − साइन²ब. विस्तार करून गुणलं की

साइन²अ कॉस²ब − कॉस²अ साइन²ब

इथे बरेच जण पेन खाली ठेवतात, नाहीतर कॉस २अ कुठून तरी ओढून आणतात. उजवीकडे कॉस आहे का? नाही. मग त्याला घालवा:

साइन²अ (१ − साइन²ब) − (१ − साइन²अ) साइन²ब

कंस सोडताना दुसऱ्या पदातलं चिन्ह हमखास चुकतं. बाहेर वजा, आतही वजा, म्हणून + साइन²अ साइन²ब. ते पहिल्या कंसातल्या − साइन²अ साइन²ब शी कटतं आणि सिद्धता संपते. ते पद कटलं नाही तर सूत्राला दोष देऊ नका, कंस पुन्हा बघा.

(कॉस ११° + साइन ११°) / (कॉस ११° − साइन ११°) = टॅन ५६° हे गणित बघून पोरं ११° ची किंमत शोधत बसतात. ती लागतच नाही. अंश-छेदाला कॉस ११° ने भागा, (१ + टॅन ११°) / (१ − टॅन ११°) मिळेल. त्यातल्या १ च्या जागी टॅन ४५° दिसला की झालं, कारण ४५ + ११ = ५६.

टॅन (९०° + अ) ला मात्र टॅनचं सूत्र लावू नका. टॅन ९०° ला किंमतच नाही. साइन भागिले कॉस करा, − कॉट अ येईल.

आणि घरी कॅल्क्युलेटरवर पडताळताना काहीच जुळेना, तर सिद्धता खोडण्याआधी मोड बघा. रेडियनवर असेल तर साइन ३० ला ०.५ ऐवजी −०.९८८ दाखवतो.