बायोमेडिकल संशोधनात येताय? आधी पट्टी सोलून काढून बघा

मेकॅनिकलची पदवी घेऊन मी रत्नागिरीकडच्या एका विद्यापीठ केंद्रात संशोधनाला लागलो. विषय मिळाला कोळंबीच्या टरफलांपासून रक्त थांबवणारी पट्टी बनवण्याचा. टरफल पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवलं की त्यातला चुना जातो, पातळ कॉस्टिक सोड्यात प्रथिनं जातात. उरलेलं कायटिन तीव्र, गरम कॉस्टिकमध्ये ठेवलं की त्याचं कायटोसान होतं. आम्लात त्यावर धनभार येतो आणि तांबड्या पेशींवर असतो ऋणभार. त्यामुळे पेशी त्याला चिकटतात, गुठळी धरते.

इथवर पुस्तकं पुरतात.

पहिलं वर्ष मी पट्टी मजबूत करण्यात घालवलं. एसी खोलीत कोरड्या पट्ट्या यंत्रावर ताणायच्या. आलेख देखणे यायचे. ते घेऊन एका रुग्णालयात गेलो. तिथल्या सिस्टरनी नमुना कोमट पाण्यात भिजवला, टेबलावर दाबून ठेवला आणि थोड्या वेळाने सोलायला घेतला. त्याचे तुकडे झाले. "काढताना जखम परत वाहिली तर पेशंटला काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षभर मी जे मोजत होतो, त्यात जखम कुठे नव्हतीच. त्यानंतर चाचण्या ओल्या पट्टीवर, ३७ अंशांवर घेतल्या आणि पट्टी सोलायला किती जोर लागतो तेही मोजायला लागलो.

म्हणून पहिल्याच महिन्यात परवानगी काढून ड्रेसिंगच्या खोलीत उभे राहा. यंत्राला हात नंतर लावा. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर विंचूदंशाच्या रुग्णांजवळ थांबून नाडी, रक्तदाब बघत राहिले, त्यातूनच प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार उभा राहिला. आपल्या कोकणातलं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पेशी वाढवण्याचं काम जीवशास्त्राच्या मैत्रिणीकडून शिका, आणि तिला ताण-आलेख वाचायला शिकवा. पावसाळ्यात इनक्युबेटरमध्ये बुरशी शिरते, तेव्हा तिचा हात तुमच्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो. गुठळीच्या चाचणीला माणसाचं रक्त लागतं. मित्राने आनंदाने दिलं तरी नैतिकता समितीची मंजुरी आधी हवी. तो अर्ज पहिल्या सहामाहीतच टाका. प्रवेशाचं म्हणाल तर २०२० पासून गेटला, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला, बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, पण मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सवालेही या कामात येतात.

कच्च्या मालाचं वेळापत्रक समुद्र ठरवतो. १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, म्हणून टरफलं मेमध्येच धुऊन, सुकवून ठेवावी लागतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात कोळंबी सोलणाऱ्या एका मावशींनी मला बजावलं होतं, "बारकी आणि मोठी एका टोपलीत घालू नको, दोघींचं साल वेगळं." मी ऐकलं नाही. दोन महिने प्रत्येक घाण्याचं कायटोसान वेगळ्या दाटपणाचं येत राहिलं आणि दोष मी कॉस्टिकला देत बसलो. आता प्रत्येक पिशवीवर तारीख, बंदर आणि कोळंबीची जात लिहिलेली असते. जात मी अजूनही मावशींनाच विचारतो.